१९३६ साल, खो-खोचं मैदान आणि आमच्या लेआऊटमधली मोकळी जागा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी आमच्या रामदासपेठेत, आमच्या लेआऊटमधल्या मोकळ्या जागेवरून बैठक झाली. जागा तशी लहानच. एक कडुलिंब, चार बाक, एक मोडकी घसरगुंडी आणि मधोमध तुडवून तुडवून टणक झालेली माती. तिचं आता 'सौंदर्यीकरण' व्हायचं आहे. कडेनं चालायचा पट्टा, मधे फरशी, कारंजं, भोवती उंच जाळी आणि गेटला कुलूप. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडणार.

बैठकीत तीन पक्ष पडले. आमच्या वयाच्या लोकांना चालायचा पट्टा हवा. तरुण आईबापांना लेकरांसाठी रबरी फरशीवरची खेळणी हवीत. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की आजूबाजूला एवढे दवाखाने, गाड्या लावायला जागा नाही, तर अर्धा भाग पार्किंगला द्या. तास-सव्वा तास आवाज चढत गेले. शेवटी मी विचारलं, "आज या जागेवर दिवसभरात येतं कोण, हे कोणी पाहिलं आहे का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "काकाजी, त्यात पाहाचं काय? रिकामटेकडे येतात."

मी तिथे उत्तर दिलं नाही. बैठकीत मला वेळेवर सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. म्हणून इथे लिहितो आहे.

रिकामा वेळ आणि खेळ यांचा अभ्यास करणं हा जगात आज रीतसर विषय आहे. ब्रिटनमध्ये १९७५ साली फुरसतीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक-संशोधकांनी आपली संघटना काढली. माणसं सुटीत काय करतात, बागेत कोण जातं आणि कोण जात नाही, बायकांना मोकळा वेळ किती मिळतो, हे ते मोजतात आणि त्यावर वाद घालतात. या विषयाचं जागतिक अधिवेशन १९९३ साली आपल्या देशात, जयपूरला भरलं होतं. जयपूरचेच समाजशास्त्रज्ञ ईश्वर मोदी यांनी हा विषय भारतात रुजवण्यासाठी आयुष्य घातलं. आपल्याकडे मात्र 'फुरसतीवर संशोधन' म्हटलं की लोक हसतात. मीही हसलो असतो. पण आमच्या काकांच्या घरी, अमरावतीला, लहानपणी एक जाडजूड पुस्तक पाहिलं होतं. त्याच्यामुळे मला हसू येत नाही.

ते पुस्तक म्हणजे 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक खंड. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आतली चित्रं शाबूत. दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही ती चित्रं पाहून ओसरीवर पकडी करायचो आणि मार खायचो. पुढे कळलं की बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी हा कोश संपादित केला, १९३६ ते १९४९ या काळात, दहा खंडांत. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसनं, देशी खेळ, सगळं. मधे महायुद्ध झालं, कागदाची टंचाई झाली, देश स्वतंत्र झाला, आणि या माणसाचे खंड निघतच राहिले. १९५० साली त्यांनी इंग्रजीतही एक जाड कोश काढला. ज्ञानकोश म्हटलं की आपल्याला केतकर आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण आखाड्यात तोंडी चालणारी विद्या कागदावर उतरवायला दहा खंड लागतील असा अंदाज करणारा, आणि ते पुरे करणारा माणूस मराठीत होऊन गेला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

ते एकटे नव्हते. पुण्याला १९२८ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झालं. नाव सरकारी वाटतं, काम मात्र खरं संशोधकाचं. गावोगाव एकच खेळ वेगवेगळ्या रीतीनं खेळत. मंडळानं ही माहिती गोळा केली, जाणकारांना विचारलं, तपासून घेतलं आणि १९३५ साली खो-खो आणि आट्यापाट्यांच्या नियमांची पहिली आवृत्ती छापली. त्याआधी पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा जिमखाना यांनी आपापले नियम केले होतेच. मंडळानं त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन एक सामाईक भाषा दिली.

आता कोणी म्हणेल, नियम छापले, त्यात संशोधन कसलं? हुतूतूचंच पाहा. आज त्याला आपण कबड्डी म्हणतो. दक्षिणेत त्याला चेडुगुडू म्हणत, बंगालकडे हाडूडू. खेळायच्या रीती मुख्यतः तीन. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी आपण समोरचा गडी मारला की आपला परत आत येतो. गामिनीत बाद झाला तो बाहेर, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. तिन्ही रीतींत धाव तीच, दम तोच. फरक एवढाच की बाद झालेलं पोर किती वेळ बाहेर बसून राहणार. गामिनीत कच्चं पोर पहिल्या मिनिटाला बाद झालं की उरलेली संध्याकाळ धुळीत रेघोट्या ओढत बसतं. मी असाच कच्चा होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे. आजची कबड्डी चालते ती संजीवनीच्या रीतीवर. लहानपणी आमच्या मैदानावर ती रीत असती तर माझं थोडं भलं झालं असतं.

कोणती रीत धरायची हे ठरवायला आधी तिन्ही रीती माहीत असाव्या लागतात. त्यासाठी कोणीतरी गावोगाव जाऊन, उभं राहून, पाहिलेलं असावं लागतं.

आता आपल्या विदर्भाकडे या. अमरावती इथून दीडशे किलोमीटर. तिथे १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या भावांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. सुरुवात आखाड्याची. पण लवकरच तिथे शिक्षक घडवण्याचे वर्ग सुरू झाले. दूरदूरच्या प्रांतांतली मुलं यायची, शिकायची आणि आपल्या गावी जाऊन शिकवायची. हुतात्मा राजगुरूही तिथे व्यायामाचे धडे घेऊन गेलेले. (आखाडे आणि राजकारण हा वेगळा विषय आहे. नागपुरात त्यावर बोलायला लागलो तर पोस्ट संपायची नाही. आज नको.)

१९३६ साली या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं. ऑलिम्पिकच्या निमित्तानं तिथे जगभरातले शारीरिक शिक्षणाचे जाणकार जमले होते. त्यांच्यापुढे आपल्या पोरांनी देशी व्यायामाची आणि हुतूतूसारख्या खेळांची प्रात्यक्षिकं केली. हिटलरनं काय दिलं, काय म्हटलं, याच्या गोष्टी फॉरवर्डमधून फिरत असतात. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो याच्यात, की वऱ्हाडातली एक संस्था परदेशात गेली ती फक्त स्पर्धा जिंकायला गेली नव्हती. आमच्याकडे व्यायामाची एक पद्धत आहे, तिला शास्त्र आहे, ते बघा आणि तपासा, असं जाणकारांना सांगायला गेली होती. पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या मेळाव्यालाही मंडळाचं पथक गेलं. आज तिथे मोठं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. प्रभाकरराव वैद्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या. मग विषय बंद.

१९३६ हे साल मला फार गमतीचं वाटतं. त्याच वर्षी व्यायाम ज्ञानकोशाचा पहिला खंड, त्याच वर्षी अमरावतीचं पथक बर्लिनला आणि त्याच वर्षी नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा. म्हणजे एकीकडे खेळ कसा खेळायचा हे लिहिलं जात होतं, दुसरीकडे आपल्या शहराची आखणी कशी करायची याचा कायदा होत होता. रस्ते, प्लॉट, नाल्या, मोकळ्या जागा. हे दोन कागद एकमेकांना कधी भेटले का? मला तरी तसं दिसत नाही.

कारण खेळाच्या नियमातच जमिनीचं माप असतं. आज खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. म्हणजे ४३२ चौरस मीटर. आपल्या नागपुरी भाषेत साडेचार हजार चौरस फुटांच्या थोडं वर. एक बऱ्यापैकी मोठा प्लॉट, बस. कबड्डीला पुरुषांसाठी १३ बाय १०, बायकांसाठी १२ बाय ८ मीटर. एवढ्यात दोन संघ खेळतात. ना बॅट लागते, ना जाळी, ना फी. आपल्या पूर्वजांनी कमीत कमी जमिनीत जास्तीत जास्त पोरं धावतील असे खेळ सांभाळले आणि मोजून ठेवले. याच खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. आणि त्याच वर्षी आमच्या जागेच्या मधोमध कारंज्याचा नकाशा आला. कारंज्याच्या जागी खो-खोचे दोन खांब बसतात का, हे कोणी टेप लावून पाहिलं नाही.

कायद्यात जागा आहे बरं का. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआऊट पाडला तर १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. जागा किती, हे नियम सांगतो. ती कोण वापरणार, कसं वापरणार, हे सांगायला कोणीतरी अभ्यास केलेला असावा लागतो. तो धागा आपल्याकडे कधीतरी तुटला. व्यायामवाले परीक्षा आणि पदकांकडे गेले, शहरवाले नकाशांकडे, आणि संध्याकाळी साडेपाचला ओट्यावर बसणारा माणूस कोणाच्याच विषयात राहिला नाही.

बैठकीतला तो 'रिकामटेकडे' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, राजेहो. रिकामा वेळ हा आळशांचा असतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात तो वेळ कष्टकऱ्यांनी भांडून मिळवलेला आहे. मुंबईच्या गिरणीत माणसं आठवड्याचे सातही दिवस खपत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, 'दीनबंधु'तून लिहिलं, अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. अमेरिकेत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचं ऐषआरामी वर्गावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं १८९९ ला. म्हणजे श्रीमंतांच्या फुरसतीवर तिकडे पुस्तक निघण्याच्या नऊ वर्षं आधी आपल्याकडे गरिबांच्या फुरसतीसाठी लढा होऊन गेला होता.

आपल्या शहरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या नागपूरकरांचा दिवस तिच्या पाळ्यांवर चालला. पुढे बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, ते त्यांच्या खात्याचं काम. सहा तास. आज सहा तास म्हणजे काय वाटतं? दिवसाला एक तास होतो. संध्याकाळी उजेड असताना घरी पोचायचा आणि पोराला अंगाखांद्यावर घ्यायचा एक तास. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४ वं कलम विश्रांतीचं आणि फुरसतीचं आहे. ते कलम मंजूर व्हायच्या आधीच आपल्या मिल कामगाराच्या हाती हा तास आला होता. आमच्या घराजवळच दीक्षाभूमी आहे. दरवर्षी लाखो लोक येतात. बाबासाहेबांनी दिलेल्या गोष्टींची यादी करताना हा संध्याकाळचा तास मी कधी कोणाच्या भाषणात ऐकला नाही.

आता एक उणी बाजूही सांगतो, नाहीतर जुनं सगळं सोनं असं वाटायचं. त्या मोठ्या माणसांनी जे खेळ मोजले, ते बहुतेक पोरांचे. पोरींचे खेळ नियमांच्या पुस्तकांत फारसे आले नाहीत. ते आले लोकसाहित्याच्या वाटेनं. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतून बायकांची गाणी, सण आणि खेळ गोळा केले, त्यात आपली भुलाबाईही आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरींचा घोळका घरोघर. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी हलवून, "तिखट का गोड? वाजते का?" असं विचारत विचारत. आमच्या आईचं नाव ज्या घरात आजही काढतात, ते तिच्या भुलाबाईच्या खाऊमुळे. कोणालाच ओळखता यायचा नाही. संध्याकाळी महिनाभर पोरींनी रस्त्यावर, अंगणात, दुसऱ्यांच्या घरी हक्कानं फिरायचं, याची परवानगी त्या खेळानं दिली होती. हुतूतूच्या मैदानाला माप होतं, म्हणून निदान ते मागता तरी येतं. भुलाबाईच्या अंगणाला माप नव्हतं. फ्लॅट आले तेव्हा ते कोणी मागितलंही नाही.

तर बैठकीनंतर मी काय केलं ते सांगतो. सोमवारी वही घेतली आणि जागेवर जाऊन बसलो. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, मधे जेवायला घरी. शास्त्रीय वगैरे काही नाही. एक दिवस, एक म्हातारा, एक वही.

सकाळी आमचे फिरणारे. ते आठच्या आत गायब. कुलपाच्या वेळा आमच्याच सोयीच्या आहेत हे मला तेव्हा समजलं. साडेदहानंतर दवाखान्यांत आलेल्या पेशंटचे नातेवाईक यायला लागले. रामदासपेठ म्हणजे दवाखाने, हे तुम्हाला सांगायला नको. यवतमाळचे, गोंदियाचे, बालाघाट-छिंदवाड्याकडचे लोक. बाकावर बसून डबा उघडतात, फोनवर घरी खोटं बोलतात की "आता बरं आहे". एक माणूस कडुलिंबाखाली दुप्पट घडी घातलेल्या चादरीवर तासभर झोपला, उठला, तोंड धुवायला पाणी शोधलं, नळ नव्हता, तसाच गेला. दुपारी आजूबाजूच्या घरांत कामाला येणाऱ्या बाया दोन घरांच्या मधल्या वेळात टेकल्या. चपला काढून, पाय पसरून. त्यातली एक मला म्हणाली, "बाबूजी, काय लिहून राहिले? आम्हाले उठवाचं आहे काय?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. नंतर डिलिव्हरीवाली पोरं, गाडीवरच आडवी. चारनंतर लहान पोरांचं क्रिकेट, मधल्या टणक मातीवर. साडेसहाला परत आम्ही.

दहा ते सोळा वयाची एकही मुलगी दिवसभरात आली नाही. हे मी वहीत दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिल्यावर वाटलं की आपलं लक्ष नसेल.

सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास जागा उघडी ठेवली तर यातले कोण उरतात ते तुम्हीच काढा. तो नातेवाईक, त्या बाया, ती डिलिव्हरीची पोरं, सगळे साडेदहा ते चारच्या मधले. बैठकीत त्यांच्यातलं कोणी नव्हतं आणि पुढच्या बैठकीतही नसणार.

मी जाळीच्या विरोधात आहे असं समजू नका. रात्री दारू पिणारे बसतात, काचा फुटतात, हे खरं आहे आणि ज्यांच्या खिडक्या त्या बाजूला आहेत त्यांचा त्रासही खरा आहे. चालायचा पट्टा मलाही हवा, गुडघे माझेही आहेत. पण एका दिवसाची वही घेऊन मी बैठकीत गेलो तर लोक म्हणतील, काकाजींनी आपल्या मनाचं लिहिलं. १९३५ ची ती नियमावली एका माणसानं एका दिवसात केलेली नव्हती.

म्हणून पुढचे दोन आठवडे मोजायचं ठरवलं आहे. तासातासाची नोंद, कोण आलं, किती वेळ बसलं, काय केलं. नाव-गाव कोणाचं विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. आमच्या पेठेतच विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, तिथे अभ्यासाला येणाऱ्या समाजशास्त्राच्या दोन मुलींनी नोंदीचा तक्ता करून दिला. माझ्या वहीपेक्षा कितीतरी चांगला आहे, मला रकाने भरायला चष्मा बदलावा लागतो एवढंच. शिवाय एका जुन्या खो-खोपटूनं टेप घेऊन यायचं कबूल केलं आहे. २७ बाय १६ बसतं का, कडुलिंब न तोडता, ते बघू. नाही बसलं तर कबड्डीचं १२ बाय ८ नक्की बसावं असा माझा अंदाज आहे.

सकाळची पाळी माझ्याकडे आणि शेजारच्या भाऊंकडे. संध्याकाळची पोरांनी घेतली. दुपारी साडेदहा ते चार या वेळेला माणसं कमी पडत आहेत, आणि नेमकी तीच वेळ महत्त्वाची. ज्यांना तासभर बसता येईल त्यांनी खाली लिहा. सावली आहे. पाण्याची बाटली मात्र घरून आणा, नळ अजून नाही.